मराठी नको, दगड सांग

"पुरावा?"

मान किंचित तिरकी करून, भुवया वर नेऊन आमचे सर हा एकच शब्द विचारत. शिपाई म्हणाला, "सर, चहा सरला," की सर म्हणत, "पुरावा?" मग तो बिचारा किटली आणून टेबलावर उलटी करून दाखवी. मुलगा म्हणाला पोट दुखून राह्यलं, तरी "पुरावा?" एकदा शिक्षकांच्या बैठकीत मुख्याध्यापक म्हणाले, की आपली शाळा प्रगतिपथावर आहे. मागच्या खुर्चीवरून तोच शब्द आला. आम्ही सगळे खाली पाहत बसलो. मुख्याध्यापकही खाली पाहत बसले.

असा एखादा माणूस तुमच्याही कचेरीत, शाळेत, गल्लीत असेल. तो असतो तोवर त्याचा वैताग येतो, हेही तुम्हाला ठाऊक असेल.

रिसोड तालुक्यातल्या आमच्या शाळेत ते भूगोल शिकवत आणि मी मराठी. मी रिठदचा, शेतकऱ्याच्या घरचा. ते रिसोडचे, घरात सगळा व्यापार, आणि धाकट्या भावाचा बर्फाचा कारखाना. घरातला पहिला मास्तर म्हणजे हे. उंच, सडपातळ, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, आणि त्या शर्टाचा खिसा कायम खाली ओघळलेला, कारण त्यात गोटे. कुठंही चालताना वाकायचे, एखादा गोटा उचलायचे, अंगठ्यानं त्याच्या कडा चाचपायचे आणि खिशात टाकायचे. भाभींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, शेवटी सगळ्या शर्टांच्या खिशांना आतून मांजरपाटाचं अस्तर लावलं होतं. मला ते "कवी" म्हणत. मी आयुष्यात एक ओळ कवितेची लिहिलेली नाही. पण मराठीचा मास्तर आणि शाळेच्या वार्षिकात "शिशिराची चाहूल" हा लेख लिहिणारा, एवढा पुरावा त्यांना पुरेसा वाटला असावा.

नववीला एक धडा होता, हिमनदीचा. तुम्हीही शिकला असाल आणि माझ्यासारखेच विसरला असाल. आमच्या वऱ्हाडात हा धडा शिकवणं म्हणजे एक गंमतच आहे. फ्रिजमधून बर्फ काढून पाहुण्याच्या ग्लासापर्यंत नेईस्तोवर त्याचं पाणी होतं, अशा मुलखातली पोरं. त्यांना सांगायचं, की बर्फाची नदी असते, ती गावाएवढी जाड असते आणि ती चालते. बाकीचे भूगोलवाले हा धडा अर्ध्या तासात उरकतात. सरांना तो आठवडाभर पुरत नसे.

ते बर्फाबद्दल फारसं बोलतच नसत, हे त्यांचं वेगळेपण. पुस्तकात चित्र होतं पांढऱ्याशुभ्र शिखरांचं. ते म्हणत, "चित्र झाका. बर्फ पाह्याले कोणी बी जाते. बर्फानं काय टाकलं ते पाह्यचं. हिमनदी म्हंजे बदली झालेला मास्तर हाये. रस्त्यानं जे सापडलं ते ट्रकात भरते. पलंग, पाटा, उशा, चिमणीची काच. अन् जिथी गाडी थांबली तिथी सगयं एका जागी उतरवते. निवडणं नाई, पाखडणं नाई. नदीचं तसं नाई. नदी सुपानं पाखडते. जड गोटे वर ठेवते, वाळू खाली नेते, गाळ त्याहून खाली. म्हणून कुठी बी ढीग दिसला तं पाह्यचं, निवडलेला हाये का तसाच टाकलेला हाये. तसाच असन, धोंड्याजवय पीठ असन, तं समजायचं, इथी बर्फ येऊन गेला."

त्या तसाच टाकलेल्या ढिगाचं नाव हिमोढ. पुस्तकात त्याचे चार प्रकार दिले होते आणि पोरं ते पाढ्यासारखे पाठ करत. सर पाठ करू देत नसत. ते वर्गाला उठवून शाळेमागच्या वावरात नेत. आमच्याकडे वावरातले गोटे वेचून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, टाकतात, ते तुम्हाला माहीत आहे. वर्षानुवर्षं टाकून धुरा कमरेएवढा होतो. सर धुऱ्यावर उभे राहत. "हा पार्श्व हिमोढ. बर्फ वावरात होता, त्यानं कडेकडेनं गोटे टाकले. आता दोन हिमनद्या येऊन मियाल्या, तं दोघींच्या मधातल्या कडा एक झाल्या. तो मध्य हिमोढ. म्हंजे सामायिक धुरा. फक्त त्याच्यावरून कोणी कोर्टात जात नाई." पोरं हसायची, कारण प्रत्येकाच्या घरी धुऱ्याचं एक तरी भांडण होतं. बर्फाच्या पोटाखाली पसरला तो भू-हिमोढ. आणि जिथं बर्फ संपला, जिथं त्याच्या तोंडाशी सगळा माल उतरला, तो अंत्य हिमोढ. "तिथी उभं राह्यलं," सर म्हणत, "की समजते, हिमनदी कुठवर आली होती. मंग ती हजारो वर्सं मांगं सरकली असो, का पार आटली असो."

बर्फाखालून बोगद्यातून पाणी वाहतं, त्या बोगद्यात वाळूगोटे साचतात, आणि वरचा बर्फ गेला की त्या वाळूचा लांबच लांब वळणावळणाचा बांध उघडा पडतो, त्याला एस्कर म्हणतात. हे मला अजून आठवतं, त्याचं कारण सरांनी सांगितलं ते असं: "उंदराच्या बिळात वाळू भरली, अन् मंग सारं वावरच कोणी उचलून नेलं. उरलं काय? वाळूचं बीळ." मराठीच्या पुस्तकातला उपमा अलंकार मी वर्षानुवर्षं शिकवला. इतकं चांगलं उदाहरण मला कधी सुचलं नाही, आणि ते मी त्यांचं नाव न सांगता दहावीला बरेचदा वापरलं.

पण सांगण्यावर त्यांचं समाधान नव्हतं. पोरांना पुरावा दाखवायचा होता. म्हणून त्यांनी भावाच्या कारखान्यात एक लादी बनवून घ्यायला सुरुवात केली. साच्याच्या डब्यात आधी थोडं पाणी, ते गोठलं की त्यावर गोटे, मुरूम, विटकरीचे तुकडे, राख. मग परत पाणी, परत गोठणं, परत गोटे. असं केलं नाही तर सगळे गोटे डब्याच्या तळाशी जातात, असं ते भावाला समजावत. भाऊ कपाळाला हात लावून म्हणे, "भाईजान, लोग बरफ में से कचरा निकालते, तुम डालते." पण मोठ्या भावाला नाही म्हणायची त्यांच्या घरात पद्धत नव्हती.

ती लादी गोणपाटात गुंडाळून शाळेत यायची. मैदानाला एका बाजूला उतार होता. पोरं ती लादी दुपारच्या उन्हात उतारावरून फळीनं हळूहळू ढकलत. तिच्या दोन्ही कडांना मातीची बारीक वरंबी उठायची. मग उताराच्या पायथ्याशी ती वितळायला सोडून द्यायची. समोरून पाणी निघायचं, ते राख आणि बारीक वाळू घेऊन पुढं पसरायचं, आणि लादीच्या जागी उरायचा एक ढिगारा, त्यात लाल विटकर, काळे गोटे, मुरूम सगळं एकमेकांना खेटून. पोरं उकिडवी बसून पाहायची. मीही माझा तास सोडून खिडकीतून पाहायचो. दुसऱ्या दिवशी सकाळी शिपाई तो अंत्य हिमोढ झाडून टाकायचा, आणि सर त्याच्यावर दिवसभर रुसायचे.

एका वर्षी मात्र घोटाळा झाला. लग्नसराई होती, आणि रिठदला माझ्याच चुलतबहिणीचं लग्न होतं. बर्फ अर्थातच सरांच्या भावाकडून. गडबडीत माणसानं सरांची लादी लग्नाच्या टेम्पोत टाकली आणि शाळेत आली निव्वळ स्वच्छ लादी. लादीला भुसा आणि गोणपाटाची घाण चिकटलेली असतेच, त्यामुळे मांडवात कोणी पाहिलं नाही. पोरांनी ती उचलली आणि पिण्याच्या पाण्याच्या ड्रममध्ये सोडली. पंगत बसली. वराच्या मामांनी पहिला ग्लास घेतला आणि त्यांच्या दाताखाली विटकर आली.

वराचा मामा म्हणजे काय चीज असते हे मी सांगायला नको. माझे काका हात जोडून उभे, मामा उभे, पंगत थांबलेली. इकडे शाळेत स्वच्छ लादी पाहून सरांच्या लक्षात सगळं आलं, आणि ते मोटरसायकल काढून थेट रिठदला आले. मांडवात शिरले, काकांचे पाय धरायला वाकले, मामांना म्हणाले, "चूक माझी हाये. तुमी मले बोला, यायले बोलू नका." मामा बोलले. सर ऐकत राहिले. मामांचं बोलून झालं, तसे ते हळूच ड्रमकडे गेले आणि आत डोकावले. मी मनात म्हटलं, आता नको सर. पण त्यांना राहवलं नाही. "पाह्य कवी," ते मला हलक्या आवाजात म्हणाले, "खाली गोटे, त्याच्यावर मुरूम, अन् वर राख. निवडून बसलं. पाण्यात पडलं ना. हे हिमोढ नाई झालं. हे तळ्याचं झालं." मामांनी ते ऐकलं. मामा पंचायत समितीत होते आणि कोणी आपल्यासमोर कुजबुजलेलं त्यांना चालत नसे. "काय म्हनून राह्यले हे?" त्यांनी विचारलं. सरांनी सांगायला सुरुवात केली. पंगत उठेपर्यंत वराचे मामा, दोन्हीकडचे व्याही आणि आचारी ड्रमभोवती उभे होते, आणि ड्रम तिरपा करून पाणी काढायचं काम स्वतः मामा करत होते. आमच्या घरात ते लग्न अजून "गोट्याचं लग्न" म्हणून ओळखलं जातं. संसार चांगला चालला आहे.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला बसलो ती.

एका वर्षी धडा चालू असताना मागच्या बाकावरच्या एका पोरीनं हात वर केला. केनवडहून सायकलनं येणारी, फार न बोलणारी पोर. तिनं विचारलं, "सर, तुम्ही पाह्यली काय हिमनदी?"

"नाई," सर म्हणाले.

"मंग पुरावा?"

वर्ग हसला. मी शेजारच्या वर्गात होतो, मला हसणं ऐकू आलं. सर हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. ते म्हणाले, "बराबर विचारलं तू. माह्याजवय नाई." आणि धडा पुढं चालू केला. पण मधल्या सुट्टीत त्यांनी डबा उघडला नाही. मला म्हणाले, "कवी, इतकी वर्सं मी ऐकलेलंच सांगून राह्यलो. एकदा डोयानं पाह्यलं पायजे. बर्फ नाई पाह्यला तरी चालते. पण तो ढीग पाह्यचा. खरा."

एवढीच त्यांची इच्छा होती. माणसं दुबईला जातात, कोणाला बंगला हवा असतो. या माणसाला दगडांचा एक ढीग पाहायचा होता.

उन्हाळ्याच्या सुट्टीत काश्मीरला जायचं ठरलं, तर सरांच्या मुलीची बारावी निघाली. पुढच्या वर्षी तिचं लग्न. मग निवडणुकीचं काम, मग कोरोनाची दोन वर्षं. आमच्याकडे कोणतीही गोष्ट "पुढच्या उन्हायात" वर टाकायची सवय आहे. आणि पुढचा उन्हाळा प्रत्येक वेळी येतोच, त्यामुळे ती मोडत नाही.

मधल्या काळात सर अडखळायला लागले. बाजूनं चहाचा कप पुढं केला तर तो त्यांना दिसेना. टेबलाच्या कोपऱ्याला मांडी लागायची. वर्गात कडेच्या रांगांतली पोरं काय करतात ते त्यांना कळेना. हे आम्हा शिक्षकांच्या आधी पोरांच्या लक्षात आलं. तुम्ही म्हणाल, मग पोरांनी उच्छाद मांडला असेल. मलाही तसंच वाटलं होतं. एकदा त्यांच्या वर्गावरून जाताना पाहिलं, तर दोन्ही कडांचे बाक रिकामे आणि मधल्या रांगेत एकेका बाकावर पाच-पाच पोरं दाटून बसलेली, घामाघूम. मी एका पोराला नंतर विचारलं, असं काहून बसता रे? तो म्हणाला, "मधात बसलं तं सराले दिसतो आमी." मी पुढं गेलो.

अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही, राहिलेली राखायची. औषधाचे थेंब सुरू झाले. सर मला म्हणाले, "कवी, पार्श्व गेलं. मध्य राह्यलं हाये." आणि स्वतःच हसले. मला त्या वेळी त्यांचा राग आला. काही माणसं स्वतःच्या दुखण्यावर असा विनोद करतात, की समोरच्याला धड रडताही येत नाही.

ते निवृत्त झाले त्या उन्हाळ्यात भाभींनी मला घरी बोलावलं. शिरखुर्म्याची वाटी पुढं ठेवली आणि दाराच्या आडून नाही, समोर बसून बोलल्या. "भाईसाहब, यांयले घेऊन जा तुमी. मले थंडी सोसत नाई, अन् यांयचे गोटे मले समजत नाई. मी संग गेली तं हे माह्याकडंच पाह्यत राहतीन, पडली का, दमली का. यांयले आता जेवढं दिसते ते त्याच्यावर खर्च नाई झालं पायजे." आतल्या खोलीतून सरांचा आवाज आला, "मी ऐकून राह्यलो." "तं ऐका," भाभी म्हणाल्या.

पुढचं सांगण्याआधी एक सांगून टाकतो, म्हणजे तुम्ही त्याची वाट पाहत बसणार नाही. सर आता नाहीत. परवाच्या हिवाळ्यात गेले, झोपेतच. रिसोडच्या कब्रस्तानात आम्ही सगळे होतो, आणि त्या वराचे मामा काठी टेकत आले होते. मला त्यांच्या जाण्यावर थांबायचं नाही. त्यांच्या जाण्याचं मला अजून काही करता आलेलं नाही. आम्ही गेलो होतो ते सांगतो.

अकोल्याहून गाडीत बसलो. जम्मूपर्यंत सर खिडकीशी, आणि मी त्यांना बाहेरचं सांगायचं असं ठरलेलं. भोपाळच्या पुढं मला झोप लागली तेव्हा समोरच्या बाकावरची एक सरदारीण माझ्या जागी ते काम करत होती. श्रीनगर, मग सोनमर्ग. तिथून थाजिवासच्या हिमनदीकडे घोडे जातात. आम्ही दोन घोडे केले. घोडेवाला पोक्त माणूस होता, त्यानं सरांचा हात धरून त्यांना वर बसवलं, पाय रिकिबीत नीट ठेवून दिला, आणि मग लगाम सोडलाच नाही.

ऊन कडक होतं. दरी वळली आणि समोर पांढरं दिसायला लागलं, तसा मी अधीर झालो. म्हटलं, "सर, आलं." ते समोर तोंड करून बसले होते, काळा चष्मा लावून. थोड्या वेळानं त्यांनी चष्मा काढला, परत लावला, परत काढला. मग म्हणाले, "कवी, सगयं पांढरं हाये."

"बर्फ आहे सर."

"नाई. सगयं. तू बी पांढरा हायेस."

बर्फावरून येणाऱ्या झळाळीनं त्यांची उरलीसुरली नजर पुसून टाकली होती. घरच्या उन्हात त्यांना समोरचं माणूस ओळखू यायचं. इथं काहीच येईना. मी घोड्यावर बसल्या बसल्या गार झालो. इतकी वर्षं, इतक्या लांब, आणि एका उन्हाळ्यानं उशीर. मला भाभींचा चेहरा आठवला. मी काय सांगणार होतो त्यांना?

सर म्हणाले, "उतरव मले."

घोडेवाला म्हणाला, "जनाब, बर्फ अभी ऊपर है. यहाँ कुछ नहीं, पत्थर हैं."

"वही देखने आए हैं," सर म्हणाले.

उतरले. मी हात धरला. चार पावलं चाललो आणि ते खाली बसले, दगडांतच. म्हणाले, "सांग."

मी घसा साफ केला. मराठीचा मास्तर, असा प्रसंग आयुष्यात एकदाच येतो. म्हटलं, "सर, समोर शुभ्र धवल हिमशिखरं आकाशाला..."

"मराठी नको सांगू. दगड सांग."

मी थांबलो. खाली पाहिलं. तोवर मी दगडांकडे पाहिलंच नव्हतं, खरं सांगायचं तर.

"सगयात मोठा केवढा?"

"बैलगाडीएवढा."

"अन् सगयात बारीक?"

मी वाकून चिमटीत घेतलं. "पिठासारखं. राखाडी."

"कुठी हाये? दूर?"

"नाही. गाडीएवढ्या धोंड्याला खेटून. त्याच्याच बुडाशी. मधात मुठीएवढे, डोक्याएवढे, सगळे."

"निवडलेलं हाये?"

"नाही सर. काहीच निवडलेलं नाही. तसंच टाकलेलं आहे."

ते पुढं वाकले. हात जमिनीला टेकले आणि चाचपायला लागले. एक दगड उचलला, अंगठा फिरवला, ठेवला. दुसरा. पिठात बोटं खुपसली, बाहेर काढून घासली. पुस्तकातलं वाक्य बोटांनी वाचावं, तसं ते दगडांतून सरकत होते, गुडघ्यांवर. पँट मळली. वर जाणारे पर्यटक थांबून पाहत होते. एक बाई मला म्हणाली, इनका कुछ खो गया क्या? मी म्हटलं, नहीं जी, मिल गया.

एका सपाट बाजूच्या धोंड्यावर त्यांचा हात थांबला. "इकडं ये. बोट दे." त्यांनी माझं बोट धरून दगडावर फिरवलं. सरळ, एकाला एक समांतर ओरखडे होते. मला ते दिसत होते, पण दिसूनही मी ते पाहिले नव्हते. "घासत आणला याले," सर म्हणाले. "बर्फात धरून. खालच्या खडकावर घासत घासत. कुठून आणला असन." मला वाटतं, त्यांना रडू येत होतं. मला तर आलंच. मी ते पुसलंही नाही, कारण सरांना दिसणार नव्हतं, आणि घोडेवाल्यानं सभ्यपणे घोड्याकडे तोंड फिरवलं.

मग त्यांनी विचारलं, "बर्फ किती दूर हाये?"

मी वर पाहिलं. बर्फ खूप वर होता, मळकट, भेगाळलेला, दरीच्या वरच्या कोपऱ्यात चिकटलेला. त्याच्या आणि आमच्या मधात नुसते दगड. "इथंच आहे" असं म्हणणं सोपं होतं. पण या माणसाशी तसं बोलण्याची सोय कधी नव्हतीच. मी म्हटलं, "लांब आहे सर. पार वर गेला आहे. मधात सगळे गोटेच."

घोडेवाला म्हणाला, "मेरे दादा बोलते थे, पहले यहाँ तक था."

सरांनी मान वर केली. "मंग हा अंत्य हाये," ते हळू म्हणाले. "आपण त्याच्या तोंडाशी बसलो हावो. कडेनं पाह्य, दरीच्या दोन्ही बाजूनं, धुरा असन लांबलचक."

पाहिलं. होता. दोन्ही बाजूंना, डोंगराच्या पोटाला लागून, दगडांचा एक सलग बांध वरपर्यंत गेला होता. किती उंच? मी त्यांचा हात धरला आणि त्या बांधाच्या माथ्याकडे वर, वर, वर नेला. खांद्याच्या वर, डोक्याच्या वर. सरांचा हात वर राहिला, माझ्या हातात.

"इतका उंच?"

"इतका."

"म्हंजे तिथवर बर्फ होता. ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत. आपल्या डोस्क्यावर. आता आपण त्याच्या आत हावो." हात खाली आला. मग माझ्याकडे वळून, अगदी तास संपताना विचारत तसं त्यांनी विचारलं, "सांग कवी. दिसते काय तुले तो?"

"नाही सर."

"मले बी नाई दिसत," ते म्हणाले, आणि हसले. "बराबर झालो."

मी त्यांच्याजवळ दगडांत बसलो. घोडेवालाही लगाम हातात धरून शेजारी येऊन बसला. आम्ही तिघंही बराच वेळ तिकडे, जिथं आता काही नव्हतं तिकडे, पाहत राहिलो.